बाळाच्या श्वासाला आवाज येतो तेव्हा : जन्मजात श्वासमार्गाचे दोष, निदान आणि उपचार

जन्मलेल्या बाळाच्या श्वासाला आवाज येऊ लागला की आपल्याकडे घरातच दोन-तीन निदानं तयार असतात. दादी म्हणते, सर्दी आहे, छातीत कफ भरलाय. शेजारीण म्हणते, नजर लागली. कुणी बाळाचं पोट उडताना बघून म्हणतं, "पसली चल रही है", म्हणजे न्यूमोनिया. यातलं पहिलं आणि शेवटचं कारण पुष्कळदा खरंही असतं. पण आणखी एक कारण असतं, ज्याचं नाव घरात कुणी घेत नाही, कारण ते कुणाला माहीतच नसतं. बाळाचा श्वास जाण्याचा रस्ताच जन्मतः कुठेतरी अरुंद, मऊ, बंद किंवा चुकीच्या जागी जोडलेला असतो. पेण, रोहा, नागोठणे भागातल्या आई-वडिलांना या विषयावर मराठीत वाचायला फारसं मिळत नाही, म्हणून ही माहिती एकत्र केली आहे. ही माहिती डॉक्टरांची जागा घेणार नाही. पण डॉक्टरांकडे कधी जायचं आणि काय विचारायचं, एवढं यातून नक्की कळेल.

आधी रस्ता समजून घेऊ. हवा नाकातून आत येते, घशातून स्वरयंत्रात उतरते, तिथून श्वासनलिकेत आणि मग दोन फाट्यांनी फुप्फुसांत जाते. नवजात बाळाच्या स्वरयंत्राच्या खालचा भाग, जो सगळ्यात अरुंद असतो, तो साधारण ४ ते ५ मिलीमीटरच रुंद असतो. शाळेतल्या पेन्सिलीपेक्षाही बारीक. आता गणित बघा. ४ मिलीमीटरच्या नळीला आतून सगळीकडून फक्त १ मिलीमीटर सूज आली तर वाट २ मिलीमीटरची उरते. रुंदी निम्मी झाली, पण हवा जायची जागा मात्र चौथा हिस्सा उरली, आणि हवा ओढायला लागणारा जोर साधारण सोळा पट वाढला. मोठ्या माणसाच्या घशाला तेवढीच सूज आली तर त्याचा नुसता आवाज बसतो. म्हणून मोठ्यांच्या सर्दीच्या अनुभवावरून तान्ह्या बाळाच्या श्वासाचा अंदाज बांधू नये.

आवाज कधी येतो, ते ऐका

निदानाची पहिली पायरी मशीन नाही, कान आहे. बाळ श्वास आत घेताना आवाज येत असेल तर अडचण बहुधा वर, स्वरयंत्राच्या आसपास असते. श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येत असेल तर अडचण खाली, छातीतल्या नळ्यांत. आत-बाहेर दोन्ही वेळेला आवाज असेल तर स्वररज्जूंपाशी किंवा त्यांच्या लगेच खाली जागा अरुंद असण्याची शक्यता जास्त, आणि हे जरा गंभीर समजायचं. श्वास घेतानाच्या या कर्कश आवाजाला डॉक्टर 'स्ट्रायडर' म्हणतात. हे आजाराचं नाव नाही, लक्षणाचं आहे. केसपेपरवर नुसतं 'स्ट्रायडर' लिहिलेलं असेल तर पुढचा प्रश्न हाच: कशामुळे?

रडण्याचा आवाजही ऐका. श्वासाला आवाज आहे पण रडणं खणखणीत आहे, तर स्वररज्जू बहुतेक ठीक आहेत. रडणंच घोगरं, बसकं किंवा अगदी क्षीण असेल तर स्वररज्जूंमध्ये पडदा असू शकतो किंवा एखादी रज्जू हलत नसेल. अशा बाळाची लवकर तपासणी हवी.

मोबाईलचा इथे खरा उपयोग होतो. बाळ दवाखान्यात पोचेपर्यंत शांत होतं आणि डॉक्टरांना आवाज ऐकूच येत नाही, असं नेहमी होतं. म्हणून झोपेत, दूध पिताना, रडताना, असे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ काढून ठेवावेत. छाती उघडी ठेवून काढावेत, म्हणजे बरगड्यांमधली आणि गळ्याखालची जागा आत ओढली जाते का, ते दिसतं.

सगळ्यात नेहमीचा दोष: मऊ स्वरयंत्र

तान्ह्या बाळाच्या श्वासाच्या आवाजाचं सगळ्यात नेहमीचं जन्मजात कारण म्हणजे लॅरिंगोमलेशिया. स्वरयंत्राच्या वरची कुर्ची मऊ असते, श्वास ओढला की ती आत कोसळते आणि फडफडते. आवाज बहुधा जन्मल्याबरोबर नसतो, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरू होतो. उताणं झोपवलं, बाळ चिडलं, दूध पीत असलं की वाढतो. सहा-आठ महिन्यांपर्यंत वाढत जातो, मग उतरत जातो, आणि दीड-दोन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचा पूर्ण जातो. म्हणजे चौथ्या महिन्यात आवाज वाढला म्हणून उपचार चुकला असं नाही, हा त्या दोषाचा स्वभावच आहे. हे आईला आधीच सांगितलेलं असलं तर तिच्या कितीतरी रात्री वाचतात.

बहुतेक मुलांना काहीच करावं लागत नाही, फक्त लक्ष ठेवावं लागतं. दूध अंगावर घेताना बाळाचं डोकं उंच ठेवणं, मध्ये मध्ये थांबणं, पाजल्यावर थोडा वेळ उभं धरणं. अशा बाळांना दूध वर येण्याचा त्रास पुष्कळदा असतो, त्यासाठी डॉक्टर औषध देतात. पालथं घातल्यावर आवाज कमी होतो हे खरं, पण रात्री झोपताना बाळ उताणंच हवं. पालथं घालायचं ते जागं असताना आणि कुणी समोर बसलेलं असताना.

मग काळजी कधी करायची? याला सगळ्यात चांगलं उत्तर वजनकाट्याकडे आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. श्वास घेण्यातच सगळी ताकद गेली तर वजन थांबतं. आवाज मोठा पण वजन चांगलं वाढतंय, अशा बाळापेक्षा आवाज बारीक पण वजन थांबलेलं बाळ जास्त धोक्यात असतं. अंगणवाडीतलं वजनाचं कार्ड म्हणून जपून ठेवा. वजन अडलं, बाळ निळं पडलं, श्वास मध्येच थांबू लागला, तर शस्त्रक्रिया करतात. तोंडातून दुर्बीण घालून सैल भाग छाटतात, बाहेरून चिरा पडत नाही.

जन्मल्याबरोबर कळायला हवेत असे दोष

काही दोषांत वाट बघायला वेळच नसतो. त्यातला मोठा म्हणजे अन्ननलिका मध्येच बंद आणि तिचा खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला. साधारण तीन-साडेचार हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष असतो. जन्मल्यापासून तोंडाला सारखा फेस, लाळ गिळली जात नाही, पहिलं दूध दिलं की ठसका आणि निळेपणा. ओळखायची पद्धत अगदी साधी आहे: तोंडातून पोटात नळी घालतात, ती साधारण १० ते १२ सेंटीमीटरवर अडकते. एक एक्स-रे काढला की निदान झालं. मग तोंडातून एक थेंबही द्यायचा नाही आणि बाळाला लहान मुलांच्या सर्जनकडे न्यायचं. १९४१ साली अमेरिकेत कॅमेरॉन हाइट यांनी हे दोन तुकडे एकाच वेळी जोडण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, त्याआधी अशी बाळं क्वचितच वाचत. आज पूर्ण दिवसांचं, हृदयात मोठा दोष नसलेलं बाळ चांगल्या केंद्रात पोचलं तर ९० टक्क्यांहून जास्त वेळा वाचतं. पुढे दोन-चार वर्षं त्याचा खोकला भुंकल्यासारखा येतो, कारण श्वासनलिकेचा तो भाग मऊ राहतो. शाळेत गेल्यावर इतर मुलं चिडवतात, तेव्हा वर्गशिक्षकाला हे आधी सांगून ठेवावं.

दुसरा दोष नाकाच्या मागचा. नवजात बाळ नाकानेच श्वास घेतं, तोंडाने घ्यायला त्याला लगेच जमत नाही. नाकाचा मागचा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद असेल तर उलटंच चित्र दिसतं: शांत असताना बाळ निळं पडतं आणि रडलं की गुलाबी होतं. सात-आठ हजार जन्मांमागे एक, मुलींमध्ये जास्त. एक बारीक नळी नाकपुडीतून घशापर्यंत जाते का, ही चाचणी कुठल्याही प्रसूतिगृहात दोन मिनिटांत होते. नंतर सीटी स्कॅन आणि नाकातून दुर्बिणीने शस्त्रक्रिया. एकाच बाजूने बंद असेल तर मात्र वर्षानुवर्षं कळत नाही, मुलाच्या एकाच नाकपुडीतून सतत शेंबूड येत राहतो आणि सगळे सर्दीचं औषध देत बसतात.

तिसरं: खालचा जबडा फार लहान, हनुवटी आत गेलेली, जीभ मागे पडून घसा अडवते, आणि बहुधा टाळूही फाटलेली. याला पिएर रोबिन सिक्वेन्स म्हणतात. अशा बाळाला पालथं किंवा कुशीवर ठेवलं की जीभ पुढे येते आणि श्वास सुटतो. वर उताणं झोपवायला सांगितलं, त्याला हा अपवाद आहे, पण तोही डॉक्टरांनी सांगितल्यावर आणि यंत्राची नजर असतानाच. काहींना नाकातून घशापर्यंत नळी लागते, काहींचा जबडा शस्त्रक्रियेने हळूहळू लांबवतात.

घुट्टी, तहनीक, अकिका

आपल्या घरांतला हा नाजूक भाग आहे, पण बोलायला हवं. तहनीक सुन्नत आहे, तिच्याबद्दल वाद नाही. मात्र बाळाच्या तोंडाला फेस येत असेल, ठसका लागत असेल किंवा डॉक्टरांनी तोंडातून काही देऊ नका असं सांगितलं असेल, तर खजुराचा कणसुद्धा तोंडात घालू नये. थांबावं. मध तर एक वर्षाच्या आत कुठल्याच बाळाला देऊ नये, त्यातल्या जंतूंपासून स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो, आणि आधीच श्वास अडलेल्या बाळाला तो झेपणार नाही. घुट्टीचंही तेच. अजान कानात देण्याला काहीच अडचण नाही, अतिदक्षता विभागात वडिलांना दोन मिनिटं आत सोडतात तेव्हाही देता येते. सातव्या दिवशी बाळ रुग्णालयात असेल तर अकिका नंतरही होतो. दम केला, दुआ केली, चांगलंच आहे, पण रुग्णालयात नेणारी गाडी त्यासाठी थांबवू नये. आणि पोटावर चटके देणं, बिब्बा घालणं हे प्रकार, जे 'डबा' झाला म्हणून आपल्या भागात अजून ऐकू येतात, ते सरळ सरळ जुलूम आहेत.

खतना करायच्या आधी, किंवा कुठलीही छोटी शस्त्रक्रिया असो, ज्या बाळाच्या श्वासाला आवाज आहे त्याबद्दल भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचंच. अरुंद नळीत भुलेची नळी घालणं हे वेगळं कसब आहे.

आणखी एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो: नात्यातल्या लग्नामुळे झालं का? इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात, जिथे पाकिस्तानी वंशाची कुटुंबं खूप आहेत, तिथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात चुलत-मावस भावंडांच्या लग्नातून जन्मलेल्या मुलांत जन्मजात दोषांचं प्रमाण साधारण ३ वरून ६ टक्के, म्हणजे दुप्पट दिसलं. हे लक्षात घ्यावं. पण याचा दुसरा अर्थ असाही आहे की अशा ९४ टक्के मुलांत दोष नव्हता. वर सांगितलेले श्वासमार्गाचे बहुतेक दोष कुठलंही कारण न सापडता, कुणाच्याही घरात होतात. आईने ग्रहणात सुरी धरली, काही खाल्लं, यातलं काहीही कारण नाही. सुनेला बोल लावणं बंद करावं.

'दमा' जो दमा नसतो

हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या कधी कधी श्वासनलिका आणि अन्ननलिकेभोवती कडं करून बसतात. मूल दोन-तीन वर्षं दम्याची औषधं घेत असतं, नेब्युलायझर घरात आलेला असतो, तरी फरक नाही. घट्ट घास अडकतो, जेवायला तासभर लागतो. इथे एकोकार्डिओग्राफी आणि रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन चित्र स्पष्ट करतो, आणि शस्त्रक्रियेने ते कडं सोडवता येतं. दम्याच्या औषधाने महिनोन् महिने काहीच फरक पडत नसेल तर "हा दमाच आहे ना?" हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

एक-दोन महिन्यांचं होईपर्यंत ठीक असलेलं बाळ अचानक आत-बाहेर दोन्ही वेळेला आवाज करू लागलं, आणि हनुवटी-ओठ-गळ्यावर लाल डाग असेल, तर नळीच्या आत रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. पूर्वी यासाठी गळ्याला भोक पाडावं लागे. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हृदयासाठी वापरलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल नावाचं जुनं, स्वस्त औषध या गाठी आटवतं. आता पहिला उपचार तोच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

कमी दिवसांचं बाळ व्हेंटिलेटरवर राहून घरी आलं आणि काही आठवड्यांनी आवाज सुरू झाला, तर नळीच्या जखमेने जागा आकसली असण्याची शंका घ्यावी. हा दोष जन्मजात नाही, पण तपासणी तीच. आणि खेळतं मूल एकाएकी ठसकून घरघरू लागलं तर त्याने शेंगदाणा किंवा मणी गिळलाय असं समजून लगेच निघावं.

पक्कं निदान दुर्बिणीनेच होतं. नाकातून बारीक, लवचीक दुर्बीण घालून जागेपणी स्वरयंत्र बघतात, पाच मिनिटांचं काम. खालची नळी बघायची तर भूल देऊन. श्वासनलिकेच्या कड्या पूर्ण गोल आणि अरुंद असतील तर नलिका कापून दोन भाग एकमेकांवर सरकवून शिवतात, त्यामुळे वाट रुंद होते. ही पद्धत १९८९ मध्ये इंग्लंडमध्ये प्रथम वापरली गेली. मात्र 'स्टेम सेलपासून नवी श्वासनलिका' अशा जाहिराती दिसल्या तर सावध राहा. पाओलो माकियारिनी या सर्जनने स्वीडनमध्ये बसवलेल्या कृत्रिम नलिकांचे रुग्ण दगावले आणि २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची शिक्षा दिली.

पेण-रोह्याहून कुठे जायचं

आशा ताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते, तिसऱ्या दिवसापासून. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही कल्पना गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आधी करून दाखवली. ताईला आवाज ऐकवा. तिच्याकडे घड्याळ असतं: दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त भरले तर लगेच दवाखाना.

पहिली पायरी पेण किंवा रोह्याचं उपजिल्हा रुग्णालय, मग अलिबागचं जिल्हा रुग्णालय. पण लहान मुलाची दुर्बीण तपासणी आणि शस्त्रक्रिया यासाठी मुंबई गाठावी लागते: परळचं वाडिया बाल रुग्णालय, शेजारी केईएम, भायखळ्याचं जे. जे., किंवा सायन. रोह्याहून नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल असा रस्ता, आणि महामार्गाची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. म्हणून श्वास अडलेल्या बाळाला रिक्षाने किंवा दिवा गाडीने नेऊ नये. १०८ ची रुग्णवाहिका मागवावी, ऑक्सिजन आहे का विचारावं, आणि निघण्याआधी स्थानिक डॉक्टरांना पुढच्या रुग्णालयात फोन करायला लावावा, म्हणजे पोचल्यावर खाट शोधत फिरावं लागत नाही. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि वाहतूक मोफत मिळण्याचा हक्क जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ती राजीव गांधी योजनेच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला आणि आई-वडिलांसोबतचा फोटो घेऊन जावं. माहितीसाठी १५५३८८. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात, त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. उरलेल्या खर्चाला जमातीच्या जकातीतून मदत घेता येते का, ते आपल्या मौलाना साहेबांना विचारावं. हकदार कुटुंबाने यात लाज बाळगायचं कारण नाही.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ मध्ये हा कार्यक्रम आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यांच्या जन्मजात दोषांच्या यादीत फाटलेली टाळू, हृदयदोष, डाउन सिंड्रोम आहेत, श्वासनलिकेचं वेगळं नाव नाही. म्हणून पथक आलं की आई-वडिलांनी किंवा बाईंनी स्वतःहून सांगायला हवं: हे मूल धावताना शिट्टी वाजवतं, याचं वजन वाढत नाही.

गळ्याला नळी असलेलं मूल शाळेत

काही मुलांना काही वर्षं गळ्यातल्या नळीतून श्वास घ्यावा लागतो. याला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. ऐकून आई-वडिलांचे पाय गळतात, पण बहुतेकांसाठी ही मधली सोय असते, दोष दुरुस्त झाला की नळी निघते. घरी दोघांना तरी नळी साफ करणं, बदलणं शिकवलेलं असावं, आणि एक त्याच मापाची व एक एक नंबर लहान अशी जादा नळी कायम सोबत. नळीतून हवा नाकाच्या गाळणीशिवाय थेट आत जाते. त्यामुळे पेणच्या गणपती कारखान्यांतली प्लास्टरची धूळ आणि स्प्रेचा रंग, चुलीचा धूर, खडूची पूड, सगळंच अशा मुलाला बाधतं. नळीवर लावायचा छोटा फिल्टर मिळतो. विहीर, तलाव, समुद्रात उतरणं पूर्ण बंद. वर्गात त्याला फळ्यापासून जरा लांब, दाराजवळ बसवावं, आणि आवाज येत नसला तरी हात वर केल्यावर उत्तर लिहून देऊ द्यावं. अशा मुलाला शाळेत घेता येणार नाही असं कुणी म्हणालं तर ते कायद्याला धरून नाही, शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला प्रवेश द्यावाच लागतो.